साखर तपासायची पट्टी आणि विम्याचे कार्ड

सेनगाव तालुक्यात बहुतेक घरांचा पैसा हळद आणि सोयाबीन विकले की हातात येतो. साखरेची पट्टी मात्र दर आठवड्याला लागते. ग्लुकोमीटर एकदाच घेतला जातो, पण पट्ट्यांची डबी संपतच राहते. एक पट्टी साधारण वीस रुपयांची धरली आणि इन्सुलिनवर असलेल्या मुलाची साखर दिवसातून चार वेळा तपासायची म्हटली, तर महिन्याला 2,400 रुपये होतात. म्हणून अनेक घरांत अम्मी-अब्बांचे मीटर कपाटात पडून राहते आणि चक्कर आली की मगच बाहेर निघते.

यावर हमखास विचारले जाते, "आमच्याकडे योजनेचे कार्ड आहे, त्यात पट्ट्या मिळणार नाहीत का?" याचे उत्तर स्पष्ट माहीत असलेले बरे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. पायाची जखम चिघळून भरती व्हावे लागले आणि तो उपचार योजनेच्या यादीत असला, तर हे कार्ड घर वाचवते. घरी रोज साखर तपासण्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. 70 वर्षांवरील दादा-दादी, नाना-नानींसाठी ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. तेही भरतीसाठीच आहे, पण काढून ठेवावे. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे.

खासगी विम्याचेही बहुतेक असेच आहे. बाह्यरुग्ण खर्चाची सोय असलेली पॉलिसी नसेल, तर घरच्या पट्ट्यांचे पैसे मिळत नाहीत. भरती असताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. विमा नियामकाच्या यादीत ग्लुकोमीटर आणि पट्ट्या 'उपचाराच्या खर्चात धरलेल्या' वस्तूंमध्ये आहेत. त्यामुळे विम्यावर भरती असताना बिलात पट्ट्यांचे पैसे वेगळे लावलेले दिसले, तर रुग्णालयाच्या विमा कक्षात जरूर विचारावे.

नवी पॉलिसी घेताना मधुमेह लपवू नका. "फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल," असे सांगणारे भेटतात. पुढे दावा करायची वेळ येते तेव्हा जुने रिपोर्ट निघतात आणि भरलेले हप्ते वाया जातात. खरे लिहिले, तर आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षे थांबावे लागते. एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा 4 वर्षांची होती. खोटी माहिती देऊन करार करणे आपल्या दीनमध्येही बसत नाही. खासगी विमा घ्यावा की नाही, याबद्दल मनात शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारा. तेवढ्यासाठी सरकारी कार्ड मात्र अडवून ठेवू नका.

मग पट्ट्यांचा खर्च भागवायचा कसा? पहिला दरवाजा सरकारी दवाखान्याचा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. आशाताईंना सांगून उपकेंद्रात नाव नोंदवा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तिथे तपासली, तर घरच्या तेवढ्या पट्ट्या वाचतात. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या तिथे किंवा जनऔषधी केंद्रात घेतल्या, तर वाचलेले पैसे पट्ट्यांना लावता येतात.

दुसरे, तपासणीच्या वेळा ठरवा. गोळ्यांवर असलेल्या आणि साखर स्थिर असलेल्या माणसाला रोज बोट टोचायची गरज सहसा नसते. आठवड्यातला एखादा दिवस ठरवून जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. ज्वारीची भाकरी खाल्ली तेव्हा किती आणि दावतीची बिर्याणी खाल्ली तेव्हा किती, हे त्या वहीतून समजते. सोबत तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी करावी. इन्सुलिन घेणारे, लहान मुले आणि गरोदर बहिणी यांनी मात्र काटकसर म्हणून तपासणी कमी करू नये. त्यांच्या वेळा डॉक्टरच ठरवतील.

तिसरे, मीटर घेताना आधी पट्टीची किंमत विचारा. स्वस्त मीटरच्या पट्ट्या महाग असू शकतात आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मीटरला चालत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. बिल मागून घ्या आणि डबीवरची मुदत पाहा.

रमजानमध्ये पट्ट्या जास्त लागतात, त्यामुळे त्यांची तजवीज शाबानमध्येच करून ठेवावी. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी जमातीसाठी एक सूचना. मोहल्ल्यातल्या एखाद्या गरीब मुलाला रोज इन्सुलिन लागत असेल, तर दोन-चार घरांनी मिळून त्याच्या दरमहाच्या पट्ट्या उचलाव्यात. एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला न चुकता पोहोचणारी डबी त्याच्या जास्त कामाची आहे. फक्त सुई कधीही दोघांत वापरू नका आणि शक्यतो मीटरही ज्याचे त्याच्याकडेच असू द्या. रक्तातून पसरणारे आजार नातेगोते पाहत नाहीत.