छोट्या चित्रपटाचे अंदाजपत्रक: साधनाची निवड हिशोब मागणाऱ्यावरून व्हावी

मर्यादित भांडवलावर स्वतंत्र चित्रपट काढणाऱ्या निर्मात्यापुढे आज अंदाजपत्रकाच्या साधनांची वाण नाही. एक्सेल किंवा गुगल शीट्सचा तक्ता जवळपास विनाखर्च उपलब्ध आहे. हॉलिवूडमध्ये प्रमाण मानले जाणारे ‘मूव्ही मॅजिक बजेटिंग’ वर्गणी भरून वापरता येते. प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदीसाठी टॅली देशभरातील लेखापालांच्या हाताखालची आहे. यांतून निवड करताना बहुतेकदा किंमत किंवा सवय पाहिली जाते. त्याआधी विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: हे अंदाजपत्रक निर्मात्याखेरीज आणखी कोण वाचणार आहे?

सर्व पैसा एकाच घरातून येत असेल आणि निर्णयही एकाच व्यक्तीच्या हाती असतील, तर नीट आखलेला तक्ता पुरेसा ठरतो. आसामी चित्रपट ‘व्हिलेज रॉकस्टार्स’मध्ये लेखन, दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि निर्मिती या जबाबदाऱ्या रीमा दास यांनी स्वतःच पेलल्या आणि त्या चित्रपटाला २०१८ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. अशा रचनेत महागडी प्रणाली विकत घेण्याचे प्रयोजन फारसे उरत नाही.

भागीदार वाढले की चित्र पालटते. २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ हा भारतासह युरोपीय देशांच्या सहनिर्मितीतून साकारला. अशा प्रकल्पात कोणत्या देशात किती खर्च झाला, याची स्वतंत्र विभागणी लागते. केंद्र सरकारनेही विदेशी चित्रपट आणि अधिकृत सहनिर्मिती यांच्यासाठीचे प्रोत्साहन नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतातील पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेले व कमाल मर्यादा ३० कोटी रुपये केली. हा परतावा ‘पात्र’ खर्चावर मिळतो. पात्र आणि अपात्र खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा न ठेवल्यास नंतर पावत्यांच्या गठ्ठ्यातून तो निवडून काढणे जिकिरीचे होते. परदेशी सहनिर्माता परिचित स्वरूपातील अंदाजपत्रक मागतो, तेव्हा ‘मूव्ही मॅजिक’ची वर्गणी सार्थकी लागते.

मात्र ही प्रणाली अमेरिकी व्यवहारासाठी घडलेली आहे. वेतनावर आपोआप चढणारी टक्केवारी तिथे कामगार संघटनांच्या निधीसाठी आणि वेतनाशी निगडित करांसाठी असते. भारतीय निर्मात्याला त्याच रकान्यांत जीएसटी आणि उद्गम करकपात (टीडीएस) बसवावी लागते आणि या दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. उपकरणांच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. निर्मितीसंस्था नोंदणीकृत असेल तर तो कर पुढील करदायित्वात वळता करून घेता येतो. तोवर रक्कम अडकून राहते. नोंदणी नसेल तर तो सरळ खर्चच होतो. टीडीएस मुळात निर्मात्याचा खर्च नाही, ती दुसऱ्याच्या मानधनातून केलेली कपात आहे. परंतु ‘हातात १ लाख रुपये हवेत’ असे ठरवून आलेल्या कलावंताला १० टक्के कपातीनंतर तेवढे द्यायचे, तर निर्मात्याला १ लाख ११ हजार १११ रुपये मोजावे लागतात. तक्त्यात १ लाख लिहिणारा निर्माता प्रत्येक करारात असा थोडा थोडा मागे पडत जातो.

यापेक्षाही मोठी कसोटी चित्रीकरणाच्या दिवसांची आहे. समजा, ३५ जणांच्या युनिटचा जेवण व प्रवासाचा खर्च माणशी ७०० रुपये, म्हणजे दिवसाला २४ हजार ५०० रुपये आहे. रोजंदारी ६० हजार, उपकरणे ४० हजार, त्यावर ७ हजार २०० रुपये जीएसटी आणि जागेचे भाडे १५ हजार धरले, तर एक दिवस १ लाख ४६ हजार ७०० रुपयांना पडतो. पावसाने तीन दिवस वाढवले तर ४ लाख ४० हजार १०० रुपये जास्तीचे लागतात. जेवणाच्या खात्यात ‘एकूण अमुक लाख’ असा ठोक आकडा घातला असेल, तर हा भार तक्ता दाखवत नाही. दर, माणसे आणि दिवस स्वतंत्र रकान्यांत असतील आणि दिवसांचा आकडा एकाच ठिकाणी बदलल्यावर सारी खाती बदलत असतील, तर उत्तर क्षणात मिळते. साधन फुकटचे असो वा विकतचे, त्यात ही सोय असलीच पाहिजे.

वाढीव दिवसांचे पैसे बहुधा पुढच्या टप्प्यातून उचलले जातात. संकलन, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार, प्रमाणपत्राची प्रक्रिया, प्रसिद्धी हे सारे चित्रीकरणानंतरचे. त्यामुळे त्यांचा वाटा आधी कापला जातो आणि पूर्ण चित्रित झालेला चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो. आकस्मिक खर्चासाठी १० टक्के राखून ठेवण्याचा संकेत आहे तो याचसाठी. निर्मितीपश्चात टप्प्याची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवणे हा त्याहून भक्कम उपाय ठरतो, कारण तक्त्यातील रकाना बदलणे सोपे असते. बँकेतील रक्कम काढताना मात्र निर्णय घ्यावा लागतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांची सांगड रोजच्या रोज घातली गेली नाही, तर उत्तम अंदाजपत्रकही पहिल्या आठवड्यानंतर कागदच राहते. म्हणून अंदाजपत्रकातील खात्यांचे क्रमांक आणि लेखापालाच्या टॅलीतील खाती एकसारखी असावीत. एका व्यक्तीला वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम दिल्यास तिचे विवरण चित्रपट निर्मात्याने आयकर विभागाला देण्याची तरतूद कायद्यात आहे. ही यादीही त्याच नोंदींतून सहज निघते. तक्त्याच्या अनेक प्रती व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या की कोणती अखेरची, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असणे हिताचे ठरते.

थोडक्यात, एकट्याच्या भांडवलावरील चित्रपटाला शिस्तीचा तक्ता आणि जाणकार लेखापाल पुरतो; सरकारी परतावा वा परदेशी भागीदार असेल तर विशेष प्रणालीवरील खर्च योग्य ठरतो. दोन्ही बाबतीत निर्मात्याने साधनाला एकच प्रश्न विचारून पाहावा: उद्याचे चित्रीकरण रद्द झाले, तर चित्रपट पूर्ण करण्यासाठी हाती किती रक्कम उरते? ज्या साधनातून याचे उत्तर त्याच संध्याकाळी मिळते, ते त्या चित्रपटासाठी योग्य.