घरून काम : बचत कोणाची?

जुलै २०२० मध्ये भारतीय स्टेट बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांनी भागधारकांच्या वार्षिक सभेत जाहीर केले की, 'कोठूनही काम' या योजनेमुळे बँकेचे सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. भांडवलदारी हिशेबात कार्यक्षमता म्हणतात ती हीच! कचेरीचे भाडे, वीज, पंखा, खुर्ची यांचा खर्च बँकेच्या ताळेबंदातून निघाला, तो कर्मचाऱ्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडावर येऊन पडला. कामाचे तास तेवढे मोजायचे राहिले.

या योजनेची खरी पारख मुंबईच्या मुख्य कार्यालयात होणार नाही. ती भिलाईसारख्या पोलादनगरीत व्हावयास हवी. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या या कारखान्याला घरून काम ठाऊक नाही. २०२१ च्या साथीत येथून रुग्णालयांसाठी प्राणवायू परराज्यांत गेला, तो कामगार पाळीवर हजर होते म्हणूनच. त्यांच्या पगाराची आणि निवृत्तिवेतनाची खाती सांभाळणाऱ्या बँकशाखाही टाळेबंदीत उघड्याच होत्या. दल्ली राजहराच्या लोहखाणीत झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने नाकारला, की त्या वृद्धाला काउंटरमागचा माणूसच लागतो. त्या काउंटरवर कारकून नसेल, तर मुख्य कार्यालयाची कार्यक्षमता त्याच्या काय कामाची?

खेड्यात तर बँकेचे काम केव्हाच शाखेबाहेर गेले आहे. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये परवानगी दिल्यापासून दलालीवर राबणारा 'बँकमित्र' लहान यंत्र घेऊन तेच काम करतो. त्याला बँकेच्या कारकुनाचा पगार नाही, रजा नाही. याला मात्र कोणी 'दूरस्थ काम' असे भारदस्त नाव देत नाही.

म्हणून घरून काम सरसकट त्याज्य ठरत नाही. तान्ह्या मुलाची आई, अपंग कर्मचारी यांना त्याचा खराखुरा आधार आहे. प्रश्न अटी कोण ठरवणार हा आहे. सप्टेंबर १९८३ च्या करारात बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रे कोठे आणि किती बसवायची हे वाटाघाटीच्या टेबलावर ठरवून घेतले होते. आज मात्र असे बदल व्यवस्थापनाच्या परिपत्रकाने येतात. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा कामाचे निश्चित तास, घरखर्चाचा भत्ता, कर्मचाऱ्याची लेखी संमती आणि शाखेतील रिक्त जागांवर कायम भरती या चारही गोष्टी द्विपक्षीय करारातच लिहून घ्याव्या लागतील.