रिमोट कपाटात, तरी बंद

तर झालं असं, की फेब्रुवारीत आमचे आण्णा अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन करून त्यांना गडहिंग्लजला घरी आणलं. जिना चढणं बंद, म्हणून पलंग खालच्या पश्चिमेच्या खोलीत लावला. ही खोली मागाहून बांधलेली, वर नुसता स्लॅब. मार्चपासूनच दुपारी तिचा तवा होतो. घामानं पाठ ओली राहिली तर जखमा होतील, पेशंटला कोरडं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं.

नशिबानं त्या खोलीत एसी होता. दोन वर्षांपूर्वी आम्हा पुणेकरांच्या लाडापायी बसवलेला. आमच्या लहानपणी गावात एसी ही बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये डोकावून बघायची चीज होती. उन्हाळा दुपारी कसाबसा ढकलायचा आणि संध्याकाळी एखादा वळीव आला की सगळं माफ! असो.

एप्रिलमध्ये आईचा फोन आला. एसी सारखा बंद पडतोय. दहा-पंधरा मिनिटं चालतो, मग बाहेरचा डबा गप्प. वीस मिनिटांनी आपोआप सुरू. मी पुण्यात बसून ताबडतोब निदान केलं : आण्णांच्या हातून रिमोटची बटणं दाबली जातायत. वय झालं, बोटं थरथरतात, आणखी काय? "रिमोट त्यांच्याजवळ ठेवू नकोस," मी आईला फर्मावलं. तिनं तो कपाटात ठेवला. आण्णा काही बोलले नाहीत.

खरं तर मी एक प्रश्न विचारायला हवा होता : तेव्हा आतला पंखा चालू असतो का? रिमोटनं एसी बंद केला तर आतलं-बाहेरचं दोन्ही थांबतं. पंखा वारा देतोय आणि फक्त बाहेरचा कंप्रेसर थांबलाय, तर दोनच शक्यता. एक, खोली हवी तेवढी गार झाली. ती तर तापलेलीच होती. दुसरी, कंप्रेसरला कशानं तरी थांबायला भाग पाडलं.

मग पहिला मेकॅनिक आला. पाच मिनिटांत म्हणाला, "गॅस संपलाय, काकी." अडीच हजार घेऊन गॅस भरून गेला. दोन दिवसांनी एसी पूर्वीपेक्षा जास्त वेळा बंद पडायला लागला. दुसरा आला. त्यानं कंप्रेसरच गेल्याचं सांगितलं, खर्च बारा हजार. नवीन येईपर्यंत "ओव्हरलोड डायरेक्ट करून देतो" म्हणाला. आई घाबरली आणि तिनं मला बोलावून घेतलं. बरं झालं घाबरली.

इथं जरा मास्तरकी करतो. कंप्रेसर थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेणारा हमाल आहे. त्याच्या अंगाला ओव्हरलोड नावाची एक छोटी चकती असते. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले. तापले की कमीजास्त फुगतात, चकती वाकते आणि वीज तुटते. गार झाली की पुन्हा जोडली जाते. म्हणजे कंप्रेसर अधूनमधून बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो शहाण्यासारखा वागत असतो. ती चकती डायरेक्ट करायची म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडायचा. मोटर तापत राहणार आणि एक दिवस आतली वाइंडिंग जळणार. तीसुद्धा ज्या खोलीत माणूस उठून पळू शकत नाही, तिथं.

आणि गॅस हा काही पेट्रोल नव्हे, की एसी चालवला आणि संपला. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. गळती नसताना भरला तर आणखी वाईट, आतला दाब वाढतो आणि कंप्रेसर जास्तच दमतो. आमच्याकडं नेमकं तेच झालं होतं. आमच्या एसीत आर-३२ आहे. हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट ऊब धरतो. ओझोन वाचवायला १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, मग अशा वायूंना आवर घालायला २०१६ मध्ये किगालीत त्याची दुरुस्ती झाली, भारतानं २०२१ मध्ये तीही मान्य केली. आणि आमच्या परसात अडीच हजारांत विनाकारण गॅस भरला जातोय!

मी पोचलो त्या रात्री आण्णांनी उशाशी ठेवलेलं कॅलेंडर माझ्याकडं सरकवलं. आण्णा साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्यांचं वजन आणि वेळ टिपण्यात उभी नोकरी गेली. कॅलेंडरच्या चौकोनांत आईचा दुधाचा हिशेब असतो. त्याच्याखाली बारीक अक्षरांत : "२.५०, ३.४०, ४.२५." दुसऱ्या दिवशी : "२.३५, ३.१०, ३.५५, ५.०५." महिनाभर. एका चौकोनात वेळेपुढं लिहिलेलं, "रिमोट कपाटात, तरी बंद."

मी बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत बसलो.

"रात्री एकदाही बंद पडत नाही," आण्णा म्हणाले. "रात्री गॅस परत येतो काय रे?"

सगळा उलगडा त्या एका प्रश्नात होता. दुपारी अडीच ते साडेपाच, म्हणजे पश्चिमेचं ऊन बाहेरच्या डब्यावर असताना. दुसऱ्या दिवशी आयटीआय झालेला एक तरुण मुलगा आला. त्याला मी आधी कॅलेंडर दाखवलं. त्यानं ते शांतपणे वाचलं. तीन वाजता मीटर लावला, व्होल्टेज २२६, म्हणजे ठीक. कपॅसिटर मोजला, तोही ठीक. मग बाहेर जाऊन डब्याभोवती फिरला आणि विचारलं, "हे खोकं कुणी केलं?"

मी केलं होतं. गेल्या पावसाळ्यात, डबा भिजू नये आणि तांब्याच्या नळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून, फॅब्रिकेशनवाल्याकडून तिन्ही बाजूंनी आणि वरून पत्रा ठोकून घेतला होता. पंखा गरम हवा बाहेर फेकायचा, ती पत्र्यावर आपटून परत आत. हमालाला पोतं टाकायला जागाच नाही! आणि डब्याच्या मागच्या जाळीत, बारीक पात्यांमध्ये, काळा थर. आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवतात, ती काजळी उडत घरभर येते. अंगणातली आई रोज झाडते, जाळीतली कोण झाडणार?

पत्रे काढले. मेन स्विच बंद करून जाळी पाण्यानं धुतली, काळं पाणी थांबेना. जादा भरलेला गॅस त्यानं रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. चहा घेता घेता म्हणाला, "आठशे द्या."

आता खरं सांगतो. माझ्या तोंडात आलं होतं, "आठशे कसले? नवीन काय घातलंस?" जिभेवर आलेलं गिळलं. पण म्हणूनच आज लिहायला बसलो. पहिल्या मेकॅनिकला अडीच हजार देताना आम्ही हूं की चूं केलं नव्हतं, कारण त्याच्या हातात सिलिंडर होता. वस्तू दिसली की आपण पैसे देतो. नुसतं बघितलं, मोजलं, विचार केला, तर "काहीच तर केलं नाही" म्हणतो. मे महिन्यात दिवसाला वीस घरं फिरणाऱ्या माणसानं मग गॅस का भरू नये? त्याला फसवायला आम्हीच शिकवलंय. (डॉक्टरांनी औषध न देता परत पाठवलं तर आपले चेहरे कसे होतात, तेही आठवून बघा.) माझं म्हणणं असं, की बघण्याचे पैसे वेगळे ठरवावेत, आधीच, आणि ते खळखळ न करता द्यावेत. आणि आल्या मेकॅनिकला आधी त्या खोलीत दिवसभर असणाऱ्या माणसाजवळ बसवावं. दोन मेकॅनिक येऊन गेले, मी फोनवर हुकूम सोडले, पण "कधी बंद पडतो?" हे आण्णांना एकानंही विचारलं नाही. म्हातारं माणूस पलंगावर पडून आहे, त्याला काय कळणार?

रिमोट मी कपाटातून काढून त्यांच्या उशाशी ठेवला. माफी वगैरे मागायची आमच्या घरात रीत नाही. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"सेल आण जा," म्हणाले. "कपाटात बसून उतरलेत."