विश्लेषण : चालत्या सर्व्हरची मेमरी एका फाइलमध्ये! स्थलांतराची ही सोय धोक्याची का ठरते?

अमेरिका आणि कॅनडाच्या सायबर सुरक्षा यंत्रणांनी डिसेंबर २०२५ मध्ये ‘ब्रिकस्टॉर्म’ या घुसखोरीच्या साधनाबाबत संयुक्त इशारा दिला. चीन सरकारच्या पाठबळाने काम करणारे हल्लेखोर व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सर्व्हरपर्यंत पोहोचतात, व्हर्च्युअल मशीनच्या प्रतींचे स्नॅपशॉट उचलून नेतात आणि त्यांतून पासवर्डसारखी माहिती काढतात, असे त्यात म्हटले होते. थोडक्यात, कुलूप फोडत बसण्यापेक्षा अख्ख्या घराचीच नक्कल घरी नेऊन निवांत झडती घ्यायची. अशा नकलेत डिस्क असते आणि तसे निवडले असेल तर त्या क्षणाची मेमरीही असते. डिस्कच्या सुरक्षेबद्दल बरेच बोलले जाते. मेमरीच्या फाइलकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष नसते.

मेमरी फाइलमध्ये ठेवायचीच कशाला?

लॅपटॉप ‘हायबरनेट’ केला की उघडे असलेले सगळे काम डिस्कवर लिहिले जाते आणि वीज पूर्ण बंद होते. पुन्हा सुरू केल्यावर अर्धवट टाइप केलेले पत्र जिथल्या तिथे दिसते. व्हर्च्युअल मशीनचेही तसेच. एका मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचे सॉफ्टवेअर अनेक आभासी संगणक चालवते. खालचा खरा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असेल, तर वरची मशीन दुसरीकडे न्यावी लागतात. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी सुरू असतील आणि मधले नेटवर्क दमदार असेल, तर मेमरी थेट पाठवता येते. तसे नसेल, तर ती आधी फाइलमध्ये उतरवायची आणि नंतर हवी तिथे उघडायची.

आपल्या फोनवरच्या अनेक ॲपमागचे सर्व्हर अशाच आभासी मशीनवर चालतात. मुंबई आणि पुण्यातही मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत. तिथले एखादे मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेले, तरी ॲप वापरणाऱ्याला सहसा काही कळत नाही.

चालत्या गाडीचे चाक बदलतात कसे?

मशीन थांबवून मेमरी लिहिणे सोपे आहे. अडचण येते ती मशीन चालू ठेवायचे असते तेव्हा. ६४ जीबी मेमरीचे एक मशीन घेऊ. हायपरव्हायझर मेमरीकडे ४ किलोबाइटची ‘पाने’ म्हणून पाहतो. या हिशेबाने ती सुमारे १ कोटी ६८ लाख पाने झाली. सेकंदाला १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून ती सगळी पाठवायला, काहीही अडथळा आला नाही तरी, ५० सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात मशीन स्वस्थ बसलेले नसते. पाठवून झालेली पाने ते पुन्हा बदलत राहते.

त्यावरचा उपाय केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘झेन’ या हायपरव्हायझरवर करून दाखवला. पहिल्या फेरीत सगळी पाने पाठवायची. दुसऱ्या फेरीत फक्त मधल्या काळात बदललेली. तिसऱ्या फेरीत त्याहून कमी. उरलेली पाने अगदी थोडी झाली, की मशीन क्षणभर थांबवायचे, ती पाने पाठवायची आणि दुसऱ्या बाजूला मशीन जागे करायचे. या चमूने ‘क्वेक ३’ या गेमचा सर्व्हर, खेळाडू खेळत असतानाच, एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला. खंड पडला तो अवघ्या ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पाने बदलण्याचा वेग पाठवण्याच्या वेगाहून जास्त असेल, तर ही फेरी कधीच संपत नाही. भरपूर नोंदी होणाऱ्या डेटाबेसचे असे होते. मग मशीनचा प्रोसेसर मुद्दाम मंद करावा लागतो, किंवा मशीन आधी पलीकडे सुरू करून राहिलेली पाने लागतील तशी मागवावी लागतात. दुसऱ्या पद्धतीत नेटवर्क मध्येच तुटले, तर अर्धी मेमरी इकडे आणि अर्धी तिकडे राहते आणि मशीन कोसळते.

फाइल मशीनच्या मेमरीपेक्षा मोठी कशी होते?

हीच फेऱ्यांची पद्धत फाइलसाठी वापरली की एक गंमत होते. नेटवर्कच्या पलीकडे खरी मेमरी असते, त्यामुळे नवे पान जुन्याच्या जागी बसते. फाइलमध्ये मात्र ते शेवटी जोडले जाते. एकच पान दहा वेळा बदलले आणि दहाही फेऱ्यांत पाठवले गेले, तर फाइलमध्ये त्याच्या दहा प्रती पडतात. ६४ जीबीच्या मशीनची फाइल ६४ जीबीच्या पुढे जाते आणि ऐनवेळी डिस्क भरते. फाइल उघडतानाही जुन्या प्रती आधी वाचायच्या आणि मग पुसायच्या, असा दुहेरी खर्च होतो.

लिनक्सच्या जगात बहुतांश ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ‘क्यूईएमयू’ या मुक्त सॉफ्टवेअरने एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीत यावर उत्तर दिले. ‘मॅप्ड-रॅम’ नावाच्या या सोयीत सुसे कंपनीच्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. कल्पना साधी आहे : प्रत्येक पानाला फाइलमध्ये ठरलेली जागा द्यायची. पान बदलले, की त्याच जागी नवे लिहायचे. वापरलीच न गेलेली पाने लिहायची नाहीत. तिथे फाइलमध्ये पोकळी राहते आणि ती डिस्कवर जागा खात नाही. प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असल्याने लिहिण्याचे काम अनेक धाग्यांत एकाच वेळी वाटून देता येते. सिनेमागृहात आसन क्रमांक असले की चारही दारांतून लोक आत सोडता येतात, तसेच हे.

फाइल झाल्यावर मशीन बंदच करायचे असेल, तर ही पद्धत उत्तम. फाइल केल्यानंतरही मशीन चालूच ठेवायचे असेल, तर क्यूईएमयूमध्ये वेगळी सोय आहे. त्यात पान बदलण्याआधी त्याची जुनी प्रत लिहून घेतली जाते.

व्हीएमवेअर सोडणाऱ्यांना ही फाइल उपयोगी पडते?

नाही. सध्या स्थलांतराची चर्चा वाढण्याचे मोठे कारण व्हीएमवेअर हेच आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत आणली. खर्च वाढल्याने अनेक संस्था केव्हीएमवर आधारित पर्यायांकडे वळत आहेत. पण मेमरीच्या फाइलमध्ये नुसती पाने नसतात. प्रोसेसर आणि आभासी उपकरणे नेमक्या कोणत्या अवस्थेत होती, हेही तिच्यात लिहिलेले असते आणि ते त्या त्या हायपरव्हायझरच्याच भाषेत असते. त्यामुळे मशीन रीतसर बंद करून फक्त डिस्क नव्या घरी न्यावी लागते. एकाच हायपरव्हायझरमध्येही, नव्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये जुन्याची एखादी सुविधा नसेल, तर फाइल उघडत नाही.

आणि इथेच अडगळ तयार होते. मशीन नव्या घरी जाते, पण कधीकाळी ‘थोडा वेळ थांबवू’ म्हणून केलेल्या मेमरीच्या फाइल जुन्या स्टोरेजवर तशाच पडून राहतात. काही लिनक्स व्यवस्थांमध्ये तर मुख्य सर्व्हर बंद करताना वरच्या मशीनची मेमरी आपोआप फाइलमध्ये जाते. अशी फाइल तयार झाल्याचे ती सांभाळणाऱ्यालाही ठाऊक नसते.

त्या फाइलमध्ये असते तरी काय?

सगळे. डिस्क कितीही पक्की कुलूपबंद असली, तरी ती वापरण्यासाठी तिची किल्ली मेमरीत उघडी ठेवावी लागते. नुकताच टाइप झालेला पासवर्ड, संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली, चालू असलेल्या लॉगिनचे टोकन, ग्राहकाच्या अर्जातला पत्ता हे सगळे तिथे साध्या स्वरूपात असू शकते. वीज गेली की हे पुसले जाईल, या भरवशावर सॉफ्टवेअर लिहिलेले असते. फाइल तयार झाली की तो भरवसा संपतो.

धोका जुनाच आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते, की स्थलांतराची वाहतूक एन्क्रिप्ट केलेली नसेल तर वाटेतच मेमरी बदलता येते. त्यांनी लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामची पाने प्रवासात बदलली आणि नव्या ठिकाणी जागे झालेल्या मशीनमध्ये परवानगीशिवाय प्रवेश मिळवला. त्यानंतर वाहतूक एन्क्रिप्ट करण्याची सोय आली. व्हीएमवेअरमध्ये ती २०१६ च्या ६.५ आवृत्तीपासून आहे. पण वाटेवरचे संरक्षण मुक्कामाला पोहोचलेल्या फाइलला मिळत नाही. तिच्यासाठी वेगळे एन्क्रिप्शन लागते आणि ते अनेक ठिकाणी मुद्दाम सुरू करावे लागते.

मायक्रोसॉफ्टचे प्रकरण यासंदर्भात बोलके आहे. २०२३ मध्ये ‘स्टॉर्म-०५५८’ या चिनी गटाने कंपनीची एक स्वाक्षरी-किल्ली वापरून अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले. ती किल्ली एप्रिल २०२१ मध्ये कोसळलेल्या एका प्रोग्रामच्या मेमरीच्या नोंदीत चुकून राहिली असावी आणि ती नोंद तपासणीसाठी कमी सुरक्षित जागी नेली गेली असावी, असा खुलासा कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केला. मार्च २०२४ मध्ये मात्र, किल्ली असलेली तशी नोंद आपल्याला सापडलेलीच नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. किल्ली नेमकी कशी गेली, हे अमेरिकी सायबर सुरक्षा समीक्षा मंडळाच्या एप्रिल २०२४ च्या अहवालातही अनुत्तरितच राहिले. इथे आभासी मशीनचे स्थलांतर नव्हते, हे खरे. पण इतक्या मोठ्या कंपनीलाही मेमरीच्या कोणत्या फाइल कुठे गेल्या, याचा छडा लावता आला नाही.

एकच फाइल दोनदा उघडली तर?

हा धोका चोरीपेक्षाही लपलेला आहे. एन्क्रिप्शनसाठी दरवेळी नवा, अंदाज न येणारा आकडा लागतो आणि तो तयार करणारे यंत्रही मेमरीतच असते. एकाच फाइलमधून दोन मशीन जागी केली, तर दोघांकडून तोच ‘गुप्त’ आकडा बाहेर पडू शकतो. रिस्टेनपार्ट आणि यिलेक या संशोधकांनी २०१० मध्ये हे प्रत्यक्ष दाखवले. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये मशीनला ‘तू जुन्या प्रतीतून उठला आहेस’ हे कळवणारा एक ओळख क्रमांक आणला, तो अशा गोंधळांवरचाच उपाय. त्या मानाने घड्याळ मागे पडणे किंवा जुनी जोडणी तुटणे या किरकोळ तक्रारी.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मेमरीच्या फाइलचा त्यात वेगळा उल्लेख नाही. मात्र तिच्यात नागरिकांचा डिजिटल डेटा असेल, तर ती नियमांबाहेर राहत नाही. ग्राहकाने माहिती पुसायला सांगितल्यावर कंपनी डेटाबेसमधली नोंद काढेल, पण गेल्या वर्षी थांबवलेल्या मशीनच्या मेमरीतली नोंद काढणे जवळपास अशक्य. आतले एक पान बदलले, तर मशीन जागे होईल याची खात्री देता येत नाही. तिथे अख्खी फाइलच नष्ट करावी लागते. आणि ती फाइल दरम्यान रात्रीच्या बॅकअपमध्ये गेली असेल, तर तिथूनही.