हनुवटीचा मार, कानाजवळचे हाड

दुचाकी घसरून वा पायरीवरून पडून हनुवटी फुटली, की टाके घालून घरी परतण्याकडे कल असतो. परंतु खालचा जबडा कमानीसारखा असल्याने समोरचा आघात कानापुढील सांध्यापर्यंत पोहोचतो. हाड दोन ठिकाणीही मोडू शकते.

दात पूर्ववत न जुळणे, तोंड उघडताना जबडा एका बाजूस वळणे, खालचा ओठ बधिर होणे, ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. ओपीजी या क्ष-किरण चित्रात संपूर्ण जबडा एकत्र दिसतो. मात्र मध्यभागी मानेच्या मणक्यांची छाया पडते. म्हणून दुसऱ्या कोनातून चित्र घेतात आणि शंका उरल्यास सीटी स्कॅन करतात. एका नोंदीवर विसंबून कोणताही व्यापारी ताळेबंद मांडत नाही.

गिरडहून त्यासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय गाठावे लागते. दिवसभर दुकान बंद राहते, खर्चही होतो. तथापि लहान मुलाच्या सांध्याजवळील मोड नजरेतून निसटला, तर पुढे सांधा आखडून तोंड उघडेनासे होऊ शकते व जबड्याची वाढ खुंटू शकते. सीटीत किरणोत्सर्ग अधिक असतो, म्हणून ती करावी की नाही हे तज्ज्ञांनी ठरवावे. मुलाला त्यांच्यापर्यंत वेळेवर नेणे हे मात्र घरच्यांचे कर्तव्य आहे.