टर्बो इंजिन ऑइल कां खातें?

बंडी जुंपण्यापूर्वीं आसाला वंगण आहे कीं नाहीं, हें आपल्याकडील कास्तकार स्वतः पाहत असे. आतां चंद्रपूर-गडचिरोली भागांत पुष्कळांच्या दारीं टर्बोची डिझेल गाडी उभी आहे. परंतु तिच्यांत ऑइल किती उरलें, हें पाहणारा मालक विरळा. ह्या अनास्थेविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

टर्बो म्हणजे इंजिनांतून निघणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारें एक चाक. त्याच दांड्यावरील दुसरें चाक इंजिनांत जादा हवा कोंबतें. आल्फ्रेड ब्युखी ह्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. मोटारगाडींत हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्यास आधार काय तो इंजिनाच्याच ऑइलाच्या पातळ थराचा! तें ऑइल खालीं परत नेणारी नळी तुंबली, तर तें हवेच्या वाटेनें इंजिनांत शिरून जळतें. एअर फिल्टर धुळीनें कोंदला, तरी हवेच्या ओढीनें ऑइल तिकडे खेचलें जातें. भरधाव आलेली गाडी तत्काळ बंद केली, तर तप्त दांड्याशीं ऑइल करपून काजळी धरते. ब्रीदर पाइप तुंबणें व पिस्टनच्या रिंगा चिकटणें, हींही कारणें आहेतच.

दोष सदैव मालकाचाच असतो, असें मात्र नव्हे. ऑडी कंपनीच्या २००९ ते २०११ ह्या सालांतील कांहीं २ लिटर टर्बो पेट्रोल गाड्या फार ऑइल जाळीत. अमेरिकेंतील मालकांनीं सामुदायिक दावा लावला व कंपनीस तडजोड करावी लागली. थोडें ऑइल प्रत्येक इंजिन खातें. प्रश्न किती, हाच आहे.

आमचाच अनुभव सांगतों. गतवर्षीं आमच्या गाडींतून निळसर धूर येऊं लागला. एका गॅरेजवाल्यानें सबंध इंजिन खोलण्यास सांगितलें. दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीनें मात्र प्रथम विचारलें, "ऑइल केव्हां व किती घातलें?" उभा जन्म महसुलाच्या नोंदी लिहिण्यांत घालविलेले आम्ही निरुत्तर झालों! त्यानें फिल्टर बदलला, ब्रीदर पाइप साफ केला आणि धूर थांबला. पहिल्याचें ऐकतों, तर धानाचा पैसा इंजिनांत गेला असता.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, आठवड्यांतून एकदां सपाट जागीं, इंजिन थंड असतां, ऑइलची पट्टी ओढून पाहावी. धानकटाईच्या भुशांत व कच्च्या रस्त्यावर फिल्टर लवकर भरतो. त्याची झडती वरचेवर घ्यावी. दूरच्या प्रवासानंतर इंजिन मिनिट-दोन मिनिटें सावकाश चालूं देऊन मग बंद करावें. ऑइल कंपनीनें नेमलेल्या दर्जाचेंच घालावें. आणि किती किलोमीटरांवर किती ऑइल घातलें, हें वहींत तारखेनिशीं लिहावें. धुऱ्याच्या वादांत जशी दप्तराची नोंद बोलते, तशीच गॅरेजांत ही वही बोलेल. कास्तकार बंधूंनीं ती आजच घालावी.