वजन केलंस का?

कबूल करून टाकतो. मिशिगनमधल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये कुणी एसयूव्ही घेतली, कुणी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि मी घेतला चक्क एक म्हातारा टेम्पो! म्हणजे १९५६ची फोर्ड एफ-१०० पिकअप. १९५३ ते ५६च्या या पिढीत कडेपर्यंत वळलेली पुढची काच फक्त ५६ सालीच आली. त्या काचेवर मी खल्लास झालो. बायको म्हणाली, ‘‘हिच्यात बसणार कोण?’’

प्रश्न बरोबर होता. रंग, इंजिन, सीट सगळं मनासारखं करून झालं, पण गाडी मागून नुसती उडायची. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरला असाल तर तुम्हाला कळेल. त्यात उन्हाळ्यात बाबा येणार होते. त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं आणि मी फोनवर शेखी मिरवलेली, ‘‘बाबा, एअरपोर्टवर ट्रक घेऊन येतो!’’

म्हणजे मागचे पाटे बदलणं आलं. कॅटलॉग उघडला आणि डोकं गरगरलं. एक सेट मूळ गाडीसारखा दणकट, एक गाडी तीन इंच खाली आणणारा, एक पाच इंच. मला अर्थातच पाच इंचवाला हवा होता. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते, एकदम सॉलिड! मित्रांचे सल्ले आणखी स्वस्त. एक म्हणाला, ‘‘आहेत त्यातलेच दोन पाटे काढून टाक, मऊ होईल.’’

व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सांगितलं. बाबांची नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली. पाटे या विषयात त्यांच्यापुढे माझी इंजिनीअरिंगची डिग्री म्हणजे किस झाड की पत्ती.

‘‘दोन काढलेस तर त्यांचं ओझं उचलणार कोण? उरलेलेच ना? मग तेही तुटतील.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘आणि वजन केलंस का?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘गाडीचं रे! वजन न करता पाटे कसले निवडतोस?’’

मी गप्प. इतके महिने मी गाडीचे फोटो काढत होतो. वजन एकदाही केलं नव्हतं.

शनिवारी हायवेवरच्या ट्रक स्टॉपला गेलो. तिथल्या काट्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं मिळतं. टाकी फुल्ल, हौदा बसवलेला. मागचं वजन भरलं १,४२० पौंड. त्यातलं एक्सल, चाकं, ब्रेक वगैरे ३४० पौंड पाट्यांवर येतच नाही. उरले १,०८०. म्हणजे एका बाजूला ५४०.

आता गंमत बघा. पाटा एक इंच दबायला जितके पौंड लागतात, तो त्याचा ताठपणा. कॅटलॉगमधल्या दणकट सेटला २७० पौंड लागत होते. म्हणजे माझी रिकामी गाडी त्यावर जेमतेम दोन इंच बसणार आणि सेकंदाला सव्वादोन हेलकावे खाणार. १३५वाला घेतला तर चार इंच बसणार आणि हेलकावे दीडवर येणार. मणक्याला कळणारा फरक तो हाच. मूळ गाडी होती अर्ध्या टनाच्या वर्गातली, माल वाहायला बनवलेली. रिकामी एसटी उडते आणि भरलेली मऊ चालते, त्यातलाच हा प्रकार.

मऊपणा येतो कुठून? मुख्यतः लांबीतून. पाटा दहा टक्के लांब केला की साधारण पंचवीस टक्के मऊ होतो. उलट जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट! म्हणून नवे सेट लांब आणि कमी पाट्यांचे असतात. पाट्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकच्या चकत्या असतात, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही.

‘‘बरं, भरणार काय?’’ बाबांचा पुढचा प्रश्न.

मी प्रामाणिकपणे विचार केला. बागेची माती, कधी मित्राचा सोफा. फार तर ४०० पौंड. ते हौद्यात मागच्या एक्सलवर टाकले तर एका बाजूला दोनशे, म्हणजे पाटे आणखी दीड इंच दबणार. गाडीखाली शिरून टेप लावली. पाच इंच खाली आणली तर एक्सल आणि चेसिसच्या रबरी ठोकळ्यात उरत होता एकच इंच. म्हणजे माती भरली की एक्सल ठोकळ्यावरच टेकणार. मग पाटे कितीही मऊ असोत, प्रत्येक खड्डा थेट कमरेत. तीन इंचवाल्यात तीन इंच उरत होते.

स्टाइल दोन इंचांनी कमी झाली. जाऊ दे! सेंटर बोल्टची जागा तपासून तीन इंचवाला, १३५ पौंडांचा सेट मागवला. यू-बोल्टही नवे घेतले, कारण एकदा आवळून ताणलेले यू-बोल्ट परत वापरायचे नसतात.

जूनमध्ये बाबा आले. इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळला की जे खड्डे पडतात, ते बघून त्यांना पुण्याची आठवण झाली. अर्धा तास खिडकीवर कोपर टेकून बसले होते. एकदाही कमरेला हात नाही. मी शाबासकीची वाट बघत होतो.

घरी उतरल्यावर ते वाकता येईल तेवढं वाकले आणि मागच्या चाकाच्या आत डोकावले.

‘‘पाटे बसवून किती चालवलीस?’’

‘‘झाले असतील तीनशे मैल.’’

‘‘यू-बोल्ट परत आवळलेस?’’

‘‘...नाही.’’

बाबांनी बाह्या वर केल्या. ‘‘पाना आण.’’